क्रोशाच्या चौकोनात चिऊताईचा चेहरा

ग्रॅनी स्क्वेअर विणता येऊ लागला की पुढची हौस बहुतेकांना सारखीच असते. चौकोनाच्या मधोमध एखादे ओळखीचे तोंड असावे, बाळाने त्यावर बोट ठेवावे आणि घरातल्या कोणीतरी त्याची गोष्ट सांगावी. असा एक चौकोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा विणायचा आणि अशा चौकोनांचे बाळासाठी दुपटे कसे जोडायचे, ते या लेखात सांगितले आहे. ज्यांना साखळी घालता येते, पण चौकोनाच्या पुढे हात गेलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

पहिल्या चौकोनासाठी पात्र निवडताना ते तीन-चार खुणांवरून ओळखू येते का, हे आधी पाहावे. खुणा जितक्या जास्त तितकी लहानशा वर्तुळात गर्दी होते आणि चेहरा हरवतो. म्हणून येथे मेणाच्या घरात राहणारी चिऊताई निवडली आहे. खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत कडीपाटाच्या फटीत चिमणीचे घरटे असायचेच, त्यामुळे आजी-आजोबांना तिची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. शिवाय मादी चिमणीचे रूप विणणाऱ्याला सोयीचे आहे: मातकट तपकिरी डोके, डोळ्यापासून मागे गेलेली फिकट बदामी पट्टी आणि आखूड, जाड, टोकदार चोच. गळ्यावरचा काळा डाग नराला असतो, तो चिऊताईला देऊ नये.

सामान फारसे लागत नाही. आठ पदरी सूत किंवा लोकर आणि ३.५ मिलिमीटरची क्रोशाची सुई घ्यावी. त्याशिवाय बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, कात्री, एक सेफ्टी पिन आणि थोड्या टाचण्या एवढे पुरते. रंग पाच लागतात: चेहऱ्याला मातकट तपकिरी, पट्टीला आणि चेहऱ्याभोवतीच्या पहिल्या फेरीला सायीसारखा पांढरट, चोचीला मंद पिवळा, डोळ्यांना काळा आणि बाहेरच्या फेऱ्यांना हिरवा. हिरवा रंग केळीच्या जुन्या पानासारखा थोडा गडद असावा, म्हणजे तपकिरी चेहरा त्यावर उठून दिसतो. रावेर-यावलच्या वाचकांना ही छटा समजावून सांगायची गरज नाही. रंगांची निवड मात्र दुकानाच्या दिव्याखाली करू नये. गुंडे दाराबाहेर उजेडात नेऊन शेजारी शेजारी धरून पाहावेत, कारण दिव्याखाली तपकिरी आणि करडा यांत फरक करणे कठीण जाते.

सूत घ्यावे की ॲक्रिलिक लोकर, हे बाळाच्या जन्माच्या ऋतूवरून ठरवावे. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास जन्मलेल्या बाळाच्या अंगावर ॲक्रिलिक घालणे म्हणजे त्याला घामाने भिजवणे आहे. तेथे सूतच योग्य. तळोदा-अक्कलकुव्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, पौष-माघात थंडी चांगलीच झोंबते, तिथल्या दुपट्याला लोकर चालते. नवशिक्यांनी पहिला चौकोन तरी सुतातच विणावा, असे माझे ठाम मत आहे. सूत ताणले जात नसल्यामुळे बोटे थोडी दुखतात, पण प्रत्येक टाका स्वच्छ दिसतो आणि चूक कोठे झाली ते लगेच कळते. कटलरीच्या दुकानात एकाच रंगाचे दोन गुंडे घेताना त्यांच्या पट्टीवरील लॉट क्रमांक सारखा आहे ना, हेही पाहून घ्यावे. दोन लॉटमधील रंगाचा फरक विणल्यावर ठळक दिसतो.

टाक्यांची नावे घरोघरी थोडी बदलतात, म्हणून या लेखातील अर्थ आधी स्पष्ट करतो. मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून धागा ओढून घ्यायचा आणि सुईवरच्या दोन्ही फासांतून एकदम काढायचा. अर्ध्या खांबाला आधी सुईवर एक वेढा घ्यायचा, धागा ओढून आणल्यावर तीन फास होतात, त्या तिन्हींतून धागा एकदम काढायचा. खांबालाही एकच वेढा, परंतु फास दोन-दोन करून दोनदा काढायचे. लांब खांबाला दोन वेढे घेऊन दोन-दोन फास तीनदा काढायचे. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अमेरिकी पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब, आणि त्यालाच ब्रिटिश पुस्तके डबल क्रोशे म्हणतात. सांगणारी व्यक्ती कोणती पद्धत वापरते हे न पाहता विणायला बसल्यास माप दुपटीने चुकते.

चेहऱ्याचे वर्तुळ

ग्रॅनी स्क्वेअर ही जुनी वीण आहे. १८८५ साली अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या एका साप्ताहिकात तिचे चित्र छापून आले होते आणि तीन खांबांचा गट व कोपऱ्यात दोन गट ही तिची रचना आजही तीच आहे. मात्र तीन-तीन खांबांच्या विणीत मोठ्या फटी राहतात, आणि फटी असलेल्या जाळीवर डोळा भरता येत नाही. म्हणून चेहऱ्याचा भाग दाट मुक्या खांबांत विणायचा आणि नेहमीची वीण त्याच्याभोवती सुरू करायची, हा या कामाचा पाया आहे.

तपकिरी सुताने मॅजिक रिंग (बोटाभोवती घेतलेला, टोक ओढून घट्ट करता येणारा फास) करून तीत ६ मुके खांब घालावेत आणि रिंग घट्ट ओढावी. रिंग जमत नसेल तर २ साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत ते ६ खांब घालावेत. मधले छिद्र थोडे मोठे राहील, परंतु ते पुढे मागच्या बाजूने शिवून बंद करता येते. यापुढे फेरी जोडायची नाही, गोगलगाईच्या शंखासारखे सलग फिरत जायचे. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवावी, कारण सलग विणीत फेरी कोठे संपली ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन मुके खांब घालून १२ करावेत. तिसऱ्या फेरीत एक साधा टाका आणि पुढच्या टाक्यात वाढ (एकाच टाक्यात दोन मुके खांब) असे सहा वेळा करून १८ होतात. यानंतर प्रत्येक फेरीत सहाच टाके वाढवायचे, म्हणजे टाक्यांची संख्या अनुक्रमे २४, ३०, ३६, ४२ आणि आठव्या फेरीच्या शेवटी ४८ होते. सर्व वाढी एकावर एक आल्या तर वर्तुळाला सहा कोपरे फुटतात, म्हणून सम क्रमांकाच्या फेऱ्यांत वाढीची जागा सरकवावी लागते. चौथ्या फेरीत १ साधा व १ वाढ, मग पाच वेळा २ साधे व १ वाढ, आणि शेवटी १ साधा. सहाव्या फेरीत २ साधे व १ वाढ, मग पाच वेळा ४ साधे व १ वाढ, शेवटी २ साधे. आठव्यात ३ साधे व १ वाढ, मग पाच वेळा ६ साधे व १ वाढ, शेवटी ३ साधे. पाचव्या आणि सातव्या फेरीत सरळ क्रम ठेवावा: पाचव्यात ३ साधे व १ वाढ सहा वेळा, सातव्यात ५ साधे व १ वाढ सहा वेळा.

प्रत्येक फेरीनंतर काम सपाट पाटावर ठेवून पाहावे. कडा वर उचलून वाटी होऊ लागली तर वाढ राहून गेलेली असते किंवा हात फार घट्ट असतो, आणि कडेला झालरीसारख्या चुण्या पडल्या तर वाढ जास्त झालेली असते. दोन्ही वेळा टाके मोजावेत आणि त्या फेरीपुरतेच उसवावे. पुढच्या फेरीत भरपाई करण्याचा मोह टाळावा, कारण चेहऱ्यात आलेला फुगवटा कितीही ओढला तरी बसत नाही. ४८ टाके झाले की पुढच्या टाक्यात एक स्लिप स्टिच (सुई टाक्यात घालून धागा टाक्यातून आणि सुईवरच्या फासातून एकदमच काढायचा) घालून सूत तोडावे. ही स्लिप स्टिच मोजायची नाही. वर्तुळ साधारण साडेसात सेंटिमीटरचे होईल. हाताच्या ताणाप्रमाणे थोडा फरक पडतो, पण टाक्यांची संख्या बरोबर असेल तर त्याने काही बिघडत नाही.

वर्तुळातून चौकोन

नववी फेरी पांढरट सुताने घालायची आहे, आणि चेहरा सरळ बसेल की वाकडा हे तिच्या सुरुवातीच्या जागेवर ठरते. स्लिप स्टिचच्या सांध्यापासून पुढे सहावा टाका मोजावा आणि तेथे नवीन सूत जोडावे. त्यामुळे पहिला कोपरा तेथे येतो आणि सांधा बरोबर एका बाजूच्या मध्यावर पडतो. तीच बाजू पुढे खालची मानायची, म्हणजे सांध्याचा किंचित उंचवटा चिऊताईच्या हनुवटीखाली जातो आणि कपाळ स्वच्छ राहते.

कोपऱ्याच्या टाक्यात २ लांब खांब, २ साखळ्या आणि पुन्हा २ लांब खांब घालावेत. सुरुवातीच्या कोपऱ्यात पहिल्या लांब खांबाऐवजी ४ साखळ्या येतील. त्यापुढे एकेका टाक्यात २ खांब, २ अर्धे खांब, ३ मुके खांब, २ अर्धे खांब आणि २ खांब असे अकरा टाके विणले की पुढचा कोपरा येतो. चारही बाजू अशाच करून फेरी स्लिप स्टिचने जोडावी. कोपऱ्याकडे उंच आणि मध्यावर बुटके टाके आल्यामुळे वर्तुळाची गोलाई भरून निघते आणि कडा सरळ होते. दोन कोपऱ्यांच्या साखळ्यांमध्ये आता प्रत्येक बाजूला १५ टाके असले पाहिजेत. पुढची फेरी याच संख्येवर बेतलेली आहे, म्हणून येथे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दहाव्या फेरीपासून हिरवा रंग. कोपऱ्यातील साखळीच्या जागेत ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब घालावेत. बाजूच्या पंधरा टाक्यांपैकी तिसऱ्या, सहाव्या, दहाव्या आणि तेराव्या टाक्यात प्रत्येकी ३ खांबांचा गट घालावा आणि बाकीचे टाके सोडून द्यावेत. मध्यभागी दोनऐवजी तीन टाके सुटतात, ते बरोबर आहे, त्यामुळे दोन्ही अर्धे भाग सारखे होतात. गटांमध्ये साखळी घालायची नाही. अकराव्या आणि बाराव्या फेरीत कोपरे तसेच ठेवून प्रत्येक दोन गटांच्या मधल्या फटीत ३ खांब घालत जावे. कोपऱ्यातले धरून बाजूला दहाव्या फेरीत ६, अकराव्यात ७ आणि बाराव्यात ८ गट होतात. चौकोन सुमारे १५ सेंटिमीटरचा होतो.

डोळे, चोच आणि पट्टी

खरे तर चेहरा नववी फेरी संपताच करून घ्यावा, हिरव्या फेऱ्या नंतर घालाव्यात. त्या वेळी काम लहान असते, मागची बाजू सहज हाताशी येते आणि चार कोपरे तयार असल्यामुळे वर-खाली कोणते याविषयी शंका राहत नाही. नुसत्या वर्तुळावर डोळे काढणे टाळावे, कारण वर्तुळाला वर-खाली नसते आणि चौकोन झाल्यावर चिऊताई एका खांद्यावर मान टाकून बसलेली दिसते.

आधी चोच. पिवळ्या सुताने ५ साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीपासून ४ मुके खांब घालावेत. काम उलटून १ साखळी, पहिल्या दोन टाक्यांचा एक आणि पुढे २ मुके खांब, म्हणजे ३ होतात. याच रीतीने पुढच्या ओळीत २ आणि शेवटी १. शिवण्यासाठी २० सेंटिमीटर सूत ठेवून तोडावे. हा लहान त्रिकोण टोक खाली करून, रुंद कड वर्तुळाच्या मध्यबिंदूच्या लगेच खाली येईल असा टाचण्यांनी बसवावा, पण अजून शिवू नये.

डोळ्यांची जागा ठरवण्यासाठी काळ्या कागदाचे दोन गोल कापावेत, व्यास आठ-नऊ मिलिमीटर. ते मध्यबिंदूच्या आडव्या रेषेवर, दोन्हीकडे चौथ्या फेरीवर ठेवून काम हातभर दूर धरून पाहावे. मग गोल एक फेरी आत घ्यावेत, एक फेरी बाहेर न्यावेत, थोडे वर सरकवावेत, आणि प्रत्येक वेळी पाहावे. डोळे जवळ आणि वर नेले की चिमणी मोठी, काहीशी रागावलेली दिसते. खाली आणि दूर ठेवले की ती पिल्लासारखी दिसते. याचे कारण प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडले होते: मोठे कपाळ आणि चेहऱ्यावर खाली असलेले मोठे डोळे ही बाळाची लक्षणे असतात आणि ती दिसताच माणसाला माया वाटते. बाळाच्या दुपट्यासाठी डोळे मध्यरेषेवरच ठेवावेत, त्याहून वर नेऊ नयेत. या एका निर्णयावर सगळा चेहरा अवलंबून असतो, म्हणून येथे अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

जागा ठरली की कागदाभोवती पांढऱ्या दोऱ्याने चार लहान खुणा करून कागद काढावा. मागच्या बाजूला जुन्या मऊ सुती कापडाचा तुकडा टाचावा. भरताना टाके आत बुडतात ते या कापडामुळे वर राहतात. काळ्या सुताचे पदर वेगळे करून अर्धेच पदर घ्यावेत आणि शेजारी शेजारी उभे टाके घालत गोल भरावा. मधला टाका सर्वांत लांब, कडेचे आखूड. सुई मुक्या खांबांच्या मधल्या फटीतून न काढता खांबाच्या धाग्याला छेदून काढावी, कारण फटीतून काढलेला टाका फट जिकडे असेल तिकडे ओढला जातो आणि गोलाचा चौकोन होतो. दोन्ही डोळे भरून झाल्यावर पांढऱ्या दोऱ्याचा एकच बारीक टाका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, उजवीकडे वर, घालावा. उजेड एका बाजूने येतो, म्हणून ही चमक दोन्हीकडे सारखीच हवी. ती आरशातल्यासारखी समोरासमोर घातली तर नजर तिरळी वाटते.

त्यानंतर पांढरट सुताने उलट्या टिपेची पट्टी काढावी. ती डोळ्याच्या वरच्या बाहेरील टोकापासून सुरू होऊन वर्तुळाच्या कडेपर्यंत किंचित उतरत जाते. चढती काढली तर चिऊताई चिडलेली दिसते. शेवटी चोच तिच्याच सुताने बारीक टाक्यांनी तीनही कडांनी शिवावी. टोक मोकळे सोडलेले सुंदर दिसते हे खरे, पण बाळ ते तोंडात धरून ओढते, म्हणून शिवून टाकणेच बरे. त्याच कारणासाठी तीन वर्षांखालील मुलांच्या कोणत्याही वस्तूला मणी, बटणे किंवा प्लास्टिकचे डोळे लावू नयेत. ते निघून घशात अडकण्याचा धोका असतो आणि भरलेल्या डोळ्यांना तो नसतो.

सुताची टोके आत दडवताना घाईघाईत गाठ मारून कापू नये. टोक सुईत ओवून मागच्या टाक्यांतून पाच-सहा सेंटिमीटर एकीकडे आणि मग दिशा बदलून परत तितकेच न्यावे. सूत गुळगुळीत असल्यामुळे एकाच दिशेने नेलेले टोक धुण्यात सुटून बाहेर येते, आणि गाठ तर बाळाच्या पाठीला टोचते.

चिऊनंतर काऊ करावासा वाटणारच. त्यासाठी पहिल्या सहा फेऱ्या काळ्या आणि सातवी-आठवी करड्या रंगात विणावी, कारण आपल्या गावकावळ्याची मान करडी असते. चोच काळी आणि एक ओळ लांब करावी, सुरुवात ६ साखळ्यांनी. काळ्या चेहऱ्यावर काळे डोळे दिसत नाहीत, म्हणून आधी थोडा मोठा करडा गोल भरून त्यावर काळा भरावा. काळ्या सुतात टाके दिसणे कठीण असते, तेव्हा हे काम सकाळच्या उजेडात, मांडीवर पांढरा पंचा पसरून करावे.

दुपट्यासाठी १५ सेंटिमीटरचे ३० चौकोन, पाच गुणिले सहा, पुरे होतात आणि ७५ बाय ९० सेंटिमीटरचे माप मिळते. सर्व चौकोनांत चेहरे घालू नयेत. सहा-सात चेहरे विखरून ठेवावेत आणि बाकीचे त्याच रंगांतले साधे असावेत, म्हणजे प्रत्येक चेहऱ्याला श्वास घ्यायला जागा राहते. सूत किती लागेल हे पहिला चौकोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून तिसाने गुणावे आणि वर एक गुंडा जास्त घ्यावा. जोडण्यापूर्वी प्रत्येक चौकोन दुमडलेल्या गोधडीवर टाचण्यांनी सारख्या मापात ताणून पाण्याचा हलका फवारा मारावा आणि सावलीत सुकू द्यावा. वैशाखात ते दुपारपर्यंत वाळतात, पण उन्हात ठेवू नयेत, रंग उडतो. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नये, ती लोकर वितळून चपटी होते. प्रत्येक बाजूला आता २४ खांब आहेत. दोन चौकोन सुलट बाजू आत करून समोरासमोर धरावेत आणि टाक्याला टाका जुळवत, फक्त बाहेरचा धागा उचलून शिवावेत.

विणायला सुरुवात करण्याआधीच काळ्या आणि हिरव्या सुताचा तुकडा भिजवून पांढऱ्या कापडावर चोळून पाहावा. रंग उतरत असेल तर ते सूत बाळाच्या वस्तूला वापरू नये. तयार दुपटे गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावे, पिळू नये, पंचात गुंडाळून पाणी दाबून काढावे आणि दोरीवर न टांगता खाटेवर पसरून वाळवावे. ओल्या सुताचे वजन दोरीवर लोंबले तर वरच्या रांगेतील चिऊताईंचे चेहरे लांबट होतात.